नऊ एकांचा वर्ग

नऊ एक ओळीने लिहिले की १११११११११ ही संख्या होते, आणि तिचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही. एकापासून चढत नऊपर्यंत जायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचे, अशी तिची घडण. संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत, त्यांतल्या शेवटून दुसऱ्या, ‘मध्य’ या स्थानावर तिचा डावीकडचा एक बसतो. कोड्यांच्या पुस्तकांत, शाळेच्या फलकावर, अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ती हमखास भेटते, आणि बहुतेक वेळा तिच्याखाली ‘गणिताची जादू’ असे लिहिलेले असते. जादू म्हटले की पुढे विचारायचे काही उरत नाही. उलट गणित शिकलेला माणूस तिच्याकडे पाहून नाक मुरडतो. त्याचे म्हणणे असे, की हा गुण संख्येचा नाहीच. आपण दहाच्या पायावर आकडे लिहितो म्हणून ती अशी दिसते. आठच्या किंवा बाराच्या पायावर लिहिणाऱ्याला तिच्यात काहीच विशेष वाटणार नाही. हे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. आकड्यांच्या मांडणीत दिसणारा गुण म्हणजे पुष्कळदा ती संख्या आणि दहा ही दुसरी संख्या यांच्यातले नाते असते. लिहिण्याची पद्धत बदलली तर ते नाते दिसेनासे होईल. नाहीसे होणार नाही. कारण दहाच्या पायावर लिहिणे सोडले तरी दहा ही संख्या कुठे जात नाही. ही एकच संख्या नीट उकलली तरी एवढे पटायला हरकत नाही.

आधी ती अशी का दिसते ते पाहू. शाळेत शिकवतात तसा गुणाकार मांडला, तर प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतात, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकून. नऊ ओळी झाल्या की उभ्या रकान्यांची बेरीज करायची. अगदी उजव्या रकान्यात एकच एक, त्याच्या शेजारी दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ. तिथून पुढे आठ, सात असे उतरत पुन्हा एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक ही निव्वळ मोजणी आहे, त्या रकान्यात किती एक पडले याची. सगळी शोभा टिकते ती कुठेच हातचा येत नाही म्हणून, आणि नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक आहे म्हणून. दहा एकांचा वर्ग करून पाहिला तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते: डावीकडचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये. रकान्यांतले एक अजूनही शिस्तीने १, २, ३ असे दहापर्यंत चढून उतरलेले आहेत. हातच्याने ते झाकले, इतकेच. आठच्या पायावर ही शिडी बांधायची तर सात एक घ्यावे लागतात. तिथे १११११११ चा वर्ग केला की १२३४५६७६५४३२१ असे लिहिले जाईल. तीच संख्या आपल्या पद्धतीत २९९५९३ चा वर्ग, म्हणजे ८९७५५९६५६४९ आहे, आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. तेव्हा आक्षेप घेणाऱ्याचे बरोबर: पाया बदलला की शिडी दुसऱ्या संख्येकडे जाते. पण शिडीचा नियम जात नाही. पाया कोणताही असो, त्याच्यापेक्षा एकने कमी इतके एक घ्या आणि वर्ग करा, शिडी मिळणारच.

हातचा नसल्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो या संख्येला करमणुकीतून बाहेर काढतो. दोन साधे फासे टाकले तर बेरीज दोन येण्याची एकच तऱ्हा असते, तीन येण्याच्या दोन, चार येण्याच्या तीन. सात येण्याच्या सर्वांत जास्त म्हणजे सहा, आणि मग उतरत बारा येण्याची पुन्हा एक. हे आकडे ओळीने लिहिले तर १२३४५६५४३२१ होतात, म्हणजे नेमका सहा एकांचा वर्ग. यात योगायोग नाही. एका फाशाची प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या प्रत्येक बाजूशी जोडली जाते, तसाच गुणाकारात इथला प्रत्येक एक तिथल्या प्रत्येक एकाशी गुणला जातो. बेरीज सारखी असलेल्या जोड्या एका रकान्यात जमतात. म्हणून या संख्येच्या अंकांची बेरीजही ३६ भरते, दोन फाशांच्या सगळ्या शक्यतांइतकी. बीजगणिताच्या भाषेत दहाच्या जागी क्ष लिहिला तरी गुणाकार तसाच चालतो, कारण हातचा न आल्यामुळे दहाचे दहापण मध्ये कुठे वापरलेच गेलेले नाही. १९७८ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात जॉर्ज सिकरमन यांनी शोधलेल्या एका विचित्र जोडीची माहिती दिली होती. एका फाशावर १, २, २, ३, ३, ४ आणि दुसऱ्यावर १, ३, ४, ५, ६, ८ असे आकडे. तरीही प्रत्येक बेरीज येण्याची शक्यता साध्या फाशांइतकीच. पहिल्या फाशावर एक किती, दोन किती, तीन किती हे ओळीने लिहा: १२२१. दुसऱ्यावरचे तसेच लिहा: १०११११०१. आता या दोन संख्यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर १२३४५६५४३२१ येते. सिकरमन यांचे फासे म्हणजे त्या एका संख्येचे दोन वेगळे अवयव.

आपल्या सतरा अंकी संख्येलाही ही युक्ती लागू पडते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे, नऊ बाजूंच्या दोन फाशांच्या एकूण शक्यतांइतकी. नऊ एकांची संख्या १११ गुणिले १००१००१ अशी फुटते, हे नुसत्या नजरेलाही दिसते: तीन एकांचा एक गट, तोच तीन-तीन घरे सोडून तीनदा मांडलेला. मग वर्गाचेही दोन भाग करता येतात. १११ चा वर्ग १२३२१ आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१. दोघांच्याही अंकांची बेरीज नऊ, म्हणजे प्रत्येकी एका फाशाच्या नऊ बाजूंना पुरेल इतकी. पहिल्याच्या बाजूंवर १, २, २, ३, ३, ३, ४, ४, ५ लिहायचे. दुसऱ्याच्या बाजूंवर १, ४, ४, ७, ७, ७, १०, १०, १३. या विजोड जोडीची बेरीज दोनपासून अठरापर्यंत नेमकी तितक्याच तऱ्हांनी येते जितक्या एक ते नऊ लिहिलेल्या दोन साध्या फाशांची. ज्याला शंका असेल त्याने ८१ घरांचा तक्ता मांडावा. ‘दिसण्यापुरता’ म्हणून ज्या गुणाची हेटाळणी झाली, त्यातून इथे संभाव्यतेबद्दलचे एक विधान हाती लागले, आणि ते कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर खरे आहे.

अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात, आणि ते नाव देणारे गृहस्थ मराठी वाचकाला परके नाहीत. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले आणि १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्थानकावरून ते नाव घेतले. त्यांच्या डेम्लो कुळात आणखी बऱ्याच संख्या येतात: २५५३ सारख्या, ज्यांत दोन टोकांची बेरीज मधल्या पुनरावृत्त अंकाइतकी होते; एकांच्या वर्गांची ही मालिका त्यांतली सर्वांत देखणी. कापरेकरांच्याच दुसऱ्या एका व्याख्येत ही संख्या बसते. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ ने भाग जातो. का, ते फार खोल नाही: नऊ एकांची अंकबेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नवाने भाग जातो आणि १२३४५६७९ उरतात, वर्ग केल्यावर ८१ आपोआप बाहेर पडतात. चार एकांचा वर्ग १२३४३२१ घेतला तर अंकबेरीज १६ येते आणि संख्या तर विषम, भाग कसा जाणार? पहिल्या नऊ डेम्लोंपैकी हर्षद ठरतात त्या फक्त एक, तीन आणि नऊ एकांच्या. हे तीनच आकडे का, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. एक, तीन आणि नऊ पुन्हा भेटणार आहेत. जाता जाता त्या १२३४५६७९ मधल्या हरवलेल्या आठबद्दल. एकाला ८१ ने भागले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती दशांश येतो, कारण एक नवमांश म्हणजे न संपणारी एकांची ओळ आणि हा तिचा वर्ग. रकान्यांची मोजणी इथे आठ, नऊ, दहा, अकरा अशी चढतच राहते. दहाचा हातचा नऊकडे जातो, त्याचे दहा होतात, त्यांचा हातचा आठकडे जाऊन तिथे नऊ बसतात. दहा एकांच्या वर्गात आठ गेला तोही याच वाटेने.

आता संख्येच्या आतल्या भागात शिरू. १२३४५६७९ चे अवयव ३७ आणि ३३३६६७, आणि दोन्ही मूळ संख्या. म्हणजे आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार; तिला एकूण ४५ विभाजक आहेत. ३, ३७ आणि ३३३६६७: या तिघांत वरवर पाहता काही साम्य नाही. पण एकाला या तिघांनी भागून पाहावे. एक भागिले ३ म्हणजे ०.३३३…, दर एका अंकाने आवर्तन. एक भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७…, दर तीन अंकांनी. एक भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, दर नऊ अंकांनी. एक, तीन, नऊ. भागाकार करताना बाकी पुन्हा एक आली की आवर्तन सुरू होते; म्हणून आवर्तन नऊ अंकांचे असणे याचा अर्थ असा, की दहाच्या नवव्या घाताला त्या संख्येने भागले तर एक बाकी राहते, म्हणजेच ९९९९९९९९९ ला तिने पूर्ण भाग जातो. उलट, नऊ नवांना भागणाऱ्या मूळ संख्येचे आवर्तन नवाला भागणाऱ्या लांबीचेच असणार: एक, तीन किंवा नऊ. आणि इथे एक नवल आहे. एक अंकी आवर्तनाची मूळ संख्या सबंध संख्याविश्वात एकच, ती ३. तीन अंकी आवर्तनाची एकच, ३७. नऊ अंकी आवर्तनाचीही एकच, ३३३६६७. पाच अंकी आवर्तनाच्या ४१ आणि २७१ अशा दोन आहेत, सहा अंकीच्या ७ आणि १३, सात अंकीच्या २३९ आणि ४६४९, आठ अंकीच्या ७३ आणि १३७. आपल्या लांबीत एकट्याच असलेल्या मूळ संख्या फार विरळ. आपल्या संख्येचे तिन्ही अवयव तसे निघावेत हे लोभस आहे.

हे ज्ञान नुसते सुंदर नाही, ते कष्ट वाचवते. ३३३६६७ मूळ आहे हे हाताने पडताळायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल, आणि अशा १०६ आहेत. पण फर्माच्या प्रमेयानुसार आवर्तनाची लांबी मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला भागते. ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव नऊ नवांनाही भागणार, तेव्हा त्याचे आवर्तन एक, तीन किंवा नऊ अंकी. ३ आणि ३७ यांनी भाग जात नाही हे लगेच कळते. उरतो तो नऊ अंकी आवर्तनाचा अवयव, आणि तो १८ च्या पटीपेक्षा एकने मोठाच असला पाहिजे. ५७७ पर्यंत तशा मूळ संख्या १९, ३७, ७३, १०९ अशा करत करत सतराच आहेत. तेवढे भागाकार केले, एकही सुटला नाही, काम झाले. मोठ्या संख्या फोडण्याच्या व्यवहारात शतकानुशतके हीच रीत वापरली गेली आहे: आधी संख्येचा आकार ओळखायचा, मग त्या आकारामुळे अवयवांवर कोणती बंधने येतात ते पाहायचे, आणि मगच भागायला बसायचे. गाऊस यांनी १८०१ मधल्या आपल्या अंकगणितावरच्या महाग्रंथात दशांशांच्या आवर्तनांना जागा दिली ती उगाच नाही. त्यांच्या दृष्टीने आवर्तन ही लिहिण्याची गंमत नव्हती. दहाचे घात मूळ संख्येने भागल्यावर बाकी कशी फिरते याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. ज्या मूळ संख्येचे आवर्तन जास्तीत जास्त लांब असते (७ चे सहा अंकी, १७ चे सोळा अंकी), अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न एमिल आर्टिन यांच्या १९२७ मधल्या अटकळीत येतो आणि आजही पूर्ण सुटलेला नाही. शाळेतला भागाकार इतक्या लांब नेतो.

या सगळ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आवाज जी. एच. हार्डी यांचा. १९४० मध्ये निघालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी दोन नमुने दिले. आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या दोनच: ८७१२, जी २१७८ च्या चौपट, आणि ९८०१, जी १०८९ च्या नऊपट. दुसरा नमुना १५३ सारख्या, आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असलेल्या संख्यांचा. वर्तमानपत्रांच्या कोड्यांना हे ठीक, पण गणितज्ञाला यांत घेण्याजोगे काही नाही, असा त्यांचा निवाडा होता. त्यांचा रोख विशेषतः या गोष्टींचे अर्थपूर्ण व्यापक रूप होत नाही यावर होता. हार्डींना मान देऊनही म्हणावेसे वाटते, की दोन्ही नमुने एकाच दावणीला बांधण्यात त्यांची थोडी घाई झाली. ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. आठच्या पायावर १०६७ लिहून सातने गुणा: ७६०१. पुन्हा उलटेच रूप, आणि पुन्हा वर्गच, आपल्या भाषेत ६३ चा. पाया कोणताही घेतला तरी पायाच्या वर्गातून एक वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग असाच वागतो. दोन ओळींच्या बीजगणितात हे सिद्ध होते. ८७१२ चे भावंडही चारपेक्षा मोठ्या प्रत्येक सम पायावर सापडते: आठच्या पायावर २१५६ ची तिप्पट ६५१२. तेव्हा व्यापक रूप आहे. ते फार दूर नेणारे आहे असे म्हणण्याची माझी तयारी नाही. पण अपघात म्हणून ते निकालात काढता येत नाही. १५३ चे तसे नाही. अंकांचे घन घेऊन बेरीज करणे ही क्रिया गुणाकाराच्या किंवा बाकीच्या कोणत्याही नियमाशी जुळत नाही, पाया बदलला की मागे काही राहत नाही. तिथे हार्डींचे शंभर टक्के बरोबर. हातातला गुण अपघात आहे की नात्याची खूण, हे ठरवण्याची कसोटी हीच: पाया बदलून पाहा आणि नियमाचे काही उरते का ते तपासा. आणि गंमत म्हणजे हार्डी आणि राइट यांच्या १९३८ मधल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात दशांश मांडणीवर एक सबंध प्रकरण आहे. वैर त्यांना आकड्यांशी नव्हते, उथळपणाशी होते.

या कसोटीवर कापरेकरांचे काम कुठे बसते? ६१७४ पासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहिले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते. अशी क्रिया कुठेतरी फेऱ्यात अडकणार हे कोणत्याही पायावर अटळ आहे, कारण चार अंकी संख्या मोजक्याच. पण सगळ्यांनी एकाच संख्येवर येऊन थांबावे, हा लाभ प्रत्येक पायाला मिळत नाही; दहाला मिळतो. म्हणून ६१७४ ला मी मधली जागा देईन. कापरेकर संख्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नेमकी आपल्या संख्येपाशी परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. हे कोडे वाटते, पण त्याचा अर्थ असा होतो की ४५ आणि ४४ यांच्या गुणाकाराला ९९ ने भाग जातो. लागोपाठच्या दोन संख्यांना समाईक अवयव नसतो, म्हणून ९९ चे दोन तुकडे होऊन ते वाटले जातात: ९ गेले ४५ कडे, ११ गेले ४४ कडे. वाटणी उलटी केली की ५५ मिळते, आणि ३०२५ मध्ये ३० अधिक २५ खरेच ५५ होतात. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की सगळ्या कापरेकर संख्या नवांच्या ओळींच्या अशाच वाटण्यांमधून येतात. आता नऊ नव घ्या. त्यांचे परस्परांशी समाईक अवयव नसलेले तुकडे ८१, ३७ आणि ३३३६६७, तेच जे आपल्या संख्येत दिसले. ते दोन शेजाऱ्यांत वाटण्याच्या आठ तऱ्हा. सगळे एकाकडेच जाण्याच्या दोन तऱ्हा वगळल्या तर सहा उरतात. ३७ आणि ३३३६६७ एकाकडे, ८१ दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली तर २३४५६७९०१ ही संख्या येते. तिचा वर्ग ५५०२२१००१७९५४५८०१, आणि ५५०२२१०० अधिक १७९५४५८०१ बरोबर २३४५६७९०१. हे उत्तर शोधायला संगणकाला कोट्यवधी संख्या चाळायला लावण्याची गरज नाही. ८१ ने भागून बाकी एक आणणारी १२३४५६७९ ची पट शोधायची, ती एकोणीसपट निघते. शिक्षकाच्या फावल्या वेळेतला छंद म्हणून ज्याकडे पाहिले गेले, त्याच्या तळाशी शेष आणि विभाजकांचा पक्का सिद्धान्त होता.

शेवटचा आक्षेप उलट्या दिशेने येतो. सगळे जर क्ष च्या बीजगणितातच आहे, तर अंकांची, या विशिष्ट संख्येची गरज काय? क्ष वर काम करावे, दहा घालून काय मिळवले? तसे पाहिले तर क्ष च्या घातांतून एक वजा करून येणाऱ्या बहुपदींचे अवयव पाडणे हे स्वतंत्र आणि मोठे शास्त्र आहे, आणि डेटा पाठवताना चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांची एक मोठी जात त्याच अवयवांवर उभी आहे. पण दहा घातल्यावर असे काही घडते जे बीजगणिताला दिसत नाही. १००१००१ ही संख्या क्ष चा सहावा घात अधिक तिसरा घात अधिक एक या राशीतून येते. ती राशी पूर्णांकांच्या सहगुणकांत आणखी फुटत नाही. बीजगणिताच्या लेखी ती अभंग आहे. संख्या मात्र फुटते: ३ गुणिले ३३३६६७. तसेच १११ फुटते, ३ गुणिले ३७, आणि तिच्या मागची राशी फुटत नाही. मघाचा एक, तीन आणि नऊचा हिशेब इथूनच येतो: एकांच्या ओळीला तीनाने भाग जाण्यासाठी एकांची मोजदाद तीनच्या पटीत हवी, नवाने जाण्यासाठी नवाच्या. राशी जिथे हात टेकते तिथून पुढे संख्येचा स्वतःचा स्वभाव सुरू होतो, आणि तो आधी सांगता येत नाही.

याचा सर्वांत उघड नमुना म्हणजे एकांच्या ओळींपैकी मूळ कोणत्या, हा प्रश्न. अल्बर्ट बेलर यांनी १९६६ मध्ये या संख्यांना रेपयुनिट असे नाव दिले. एकांची मोजदाद विभाज्य असेल तर संख्या फुटते हे बीजगणित सांगते. नऊ एकांचे तसेच झाले. मोजदाद मूळ असेल तर ते गप्प बसते. दोन एक म्हणजे ११, मूळ. तीन, पाच, सात एकांच्या ओळी फुटतात. एकोणीस आणि तेवीस एकांच्या मूळ निघाल्या, आणि मग थेट ३१७ एकांपर्यंत काही नाही. ती मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिली. पुढची १०३१ एकांची, १९८६ मध्ये विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी सिद्ध केलेली. ४९०८१ एकांची ओळ मूळ असावी असे डब्नर यांनी १९९९ मध्ये दाखवले, पण संशयाला जागा न ठेवणारी सिद्धता यायला २०२२ उजाडले. अशा ओळी अनंत आहेत असा बहुतेकांचा कयास आहे. सिद्धता कुणाकडेच नाही, आणि आहेत तेवढ्याच असे सिद्ध करायला निघालेल्यालाही सुरुवात कुठून करावी हे आज सांगता येत नाही.